आत्याबाई नावाचा नियम

मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातलं कोणीही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. या कपाटात माझ्याइतकं खरं कोणी बोलत नाही आणि माझ्याइतकं खोटं कोणी ठरत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी स्टाइलशीट आहे. आज तुम्हाला दिसते ती अकरा कागदांची, कोपऱ्यात पिन टोचलेली, अंगावर चहाच्या कपाचा गोल डाग असलेली म्हातारी. पण मुळात मी कागद नव्हेच. मी संगणकात राहायचे. तिथे माझं काम काय होतं ते या खणातल्या कोऱ्या वॉरंटी कार्डांनी नीट ऐकावं, नाहीतर जन्मभर शिक्क्याची वाट बघत बसाल.

आमच्या कंपनीत चादरींना इस्त्री करणारी मोठाली यंत्रं बनायची. दोन तापलेले रोलर, मधून चादर जायची. प्रत्येक यंत्राबरोबर एक माहितीपुस्तक जायचं. लेखक मंडळी ते साध्या अक्षरांत लिहायची आणि प्रत्येक तुकड्याला खूण लावायची: ही पायरी, हा तक्ता, हे चित्र, हे ‘सावधान’. नुसत्या खुणा कोण वाचतो? मग मी हुकूम सोडायचे. पायरीला आकडा द्या, तक्त्याला रेघा ओढा, ‘सावधान’ लाल चौकटीत बसवा. कन्व्हर्टर नावाचा प्रोग्रॅम माझा शब्द झेलायचा आणि त्या ढिगाऱ्यातून छापायला तयार पुस्तक काढून द्यायचा.

मला घडवलं काकांनी. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं. दोनशे चौदा नियम त्यांनी बावीस वर्षांत एकेक करून माझ्या पोटात घातले, आणि एकाचाही अर्थ कुठे लिहून ठेवला नाही. विसरले नाहीत हो, मुद्दाम. माणूस हुशार होता. आपल्यावाचून कोणाचं चालू नये, यासाठी त्यांनी नियमांना नावंही अशी दिली की बापजन्मी कोणाला कळू नयेत. तक्त्याच्या नियमाचं नाव ‘ढेरपोट्या’. चित्राच्या नियमाचं नाव ‘नको तिथे’. आणि एकशे त्रेसष्टाव्या ओळीवर ‘आत्याबाई’. हे नाव काकांच्या सख्ख्या आत्यावरून. घरात कोणीही काही करायला उठलं की त्यांची सूचना आधी यायची, मग माणूस हलायचा.

या आत्याबाईंचं काम सांगते. लेखक मंडळी ‘सावधान’ नेहमी पायरीच्या खाली लिहायची, कारण माणसाला आधी काम सुचतं, भीती नंतर. आत्याबाई ते ‘सावधान’ उचलायच्या आणि पायरीच्या डोक्यावर नेऊन बसवायच्या. बस्स, एवढंच.

माझा दरारा असा होता की काय सांगू. एकदा माझा एक कंस निसटला तर अख्खं पुस्तक एकाच पानाचं झालं, सव्वीस फूट लांब. शिपायाने ते दोन वर्षं खिडकीला पडदा म्हणून लावलं होतं. हसू नका. पडद्यावर सुट्या भागांची यादी होती, लोक उभ्या उभ्या वाचायचे.

मग काकांना काढलं. साहेबांनी एका सकाळी त्यांच्या टेबलावर खोका ठेवला आणि म्हणाले, “यात काय मावतं बघा.” काकांनी पेन, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली भरली. मी मावत नव्हते. मी राहिले.

त्यांच्या खुर्चीवर ताई आली. सहा महिन्यांच्या बोलीवर. नोकरी कायम नाही हे तिने घरी आईला सांगितलंच नव्हतं, आणि आईने सगळ्या मावश्यांना फोन करून ती नोकरी पक्की करून टाकली होती. तिचे सहा महिने शुक्रवारी संपत होते. त्याच शुक्रवारी चाळीस यंत्रं बाहेर पडणार होती, आणि दुपारी चारला पुस्तक छपाईला जायचं होतं.

नेमका त्याच आठवड्यात साहेबांनी जुना कन्व्हर्टर काढून नवा आणला. जुना माझं बोट धरून मोठा झालेला. नव्याला माझी भाषा निम्मीच कळायची, आणि कळलं नाही की तो कोणाला विचारायचा नाही, पुढे जायचा. सोमवारी ताईने पहिल्यांदा बटण दाबलं. तक्ते पानाबाहेर लोंबत होते. प्रत्येक पायरीचा आकडा एक. चित्रं शेवटच्या पानावर एकमेकांच्या अंगावर पडलेली. शिवाय कन्व्हर्टरने नऊशे ओळींची तक्रार लिहून दिली, सगळी एकाच सुरात: ही सूचना समजली नाही, सोडून दिली.

साहेब मागे उभे होते. म्हणाले, “हे काय आहे?”

“जुनी स्टाइलशीट नव्या कन्व्हर्टरशी जुळत नाहीये, सर.”

“तुझं कोणाशी जुळतं का, ते शुक्रवारी बघू.”

मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. ताईने मला कागदावर छापून घेतलं, तो हाच माझा अवतार. मग रंगीत पेन्सिल घेऊन तिने ओळ न् ओळ वाचली. तिची पद्धत चांगली होती, तेवढं श्रेय देते. अर्धे नियम बंद करायचे, पुस्तक काढायचं, दुखणं गेलं का बघायचं. गेलं तर दोषी त्या अर्ध्यात. मग त्याचे पुन्हा दोन भाग. ‘ढेरपोट्या’ तिने मंगळवारी पकडला. ‘नको तिथे’ बुधवारी. प्रत्येक वेळी मी दुसरीकडून काहीतरी मोडायचे. आकडे जुळले की समास सरकवायचा, समास बसला की पानांचे क्रमांक गिळायचे. तिच्या नाकी नऊ आले. डबा ती उभ्यानेच खायची, एक डोळा संगणकाच्या पडद्यावर ठेवून. गुरुवारी तिने माझ्यावर कप ठेवला, तो हा डाग. तिच्या डोळ्यांतलं पाणीही पडलं होतं. ते वाळलं, चहा राहिला.

शुक्रवारी अकरा वाजता सगळं बसलं होतं. उरली होती एकशे त्रेसष्टावी ओळ. ‘आत्याबाई’. तिने काकांना फोन लावला.

“काका, मी तुमच्या जागेवरची बोलतेय. आत्याबाई काय करतात?”

“साहेब आहे का तिथे?” काकांनी विचारलं.

“आहेत.”

“मग त्याला फोन दे. त्याने विचारलं तर सांगतो.”

ताईने फोन हाताने झाकला. “सर, तुम्ही एकदा बोलता का? एकच नियम राहिलाय.”

साहेबांनी फाइलमधून डोकंही वर काढलं नाही. “त्याला म्हणावं, त्याच्यावाचून आमचं उत्तम चाललंय.”

“ऐकलं मी,” काका फोनवर म्हणाले. “चालू द्या मग उत्तम.” आणि ठेवला.

दोन पुरुषांची ताठ मान, मध्ये एक मुलगी हातात बंद फोन घेऊन. मला तर नाटकाचं तिकीट काढल्यासारखं वाटलं.

मग तिने स्वतःच परीक्षा घेतली. आत्याबाईंना बंद केलं आणि पुस्तक काढलं. आत्याबाईंना चालू केलं आणि पुस्तक काढलं. दोन्ही शेजारी ठेवून पानं पडताळली. केसाएवढा फरक नाही. कसा असणार? नव्या कन्व्हर्टरला आत्याबाईंचं बोलणं कळतच नव्हतं. त्या असल्या काय, नसल्या काय, तो त्यांना सोडून पुढे जात होता. पण ताईने त्याचा अर्थ असा काढला की हा नियम मेलेला आहे. पेन्सिलने माझ्यावर काट मारली. ही बघा, सातव्या कागदावर, लाल.

एवढ्यावर ती थांबली नाही. डोळ्यांत तेल घालून तिने शहाण्णव पानं तपासली. ‘सावधान’च्या चौकटी मोजल्या. लेखकांनी अडतीस लिहिल्या होत्या, पुस्तकात अडतीस होत्या. सगळ्या लाल, सगळ्या सरळ. तिने मोजल्या, पण कुठे बसल्यात ते पाहिलं नाही. पोत्यातली लिंबं मोजावीत तशा मोजल्या.

आता चौथी पायरी ऐका. ‘अडकलेली चादर दोन्ही हातांनी धरून हळूहळू मागे ओढा.’ आणि तिच्या खालचं ‘सावधान’ असं: ‘याआधी मुख्य स्विच बंद करा. रोलर आपोआप फिरू लागतात.’ आलं लक्षात? आत्याबाई गेल्या होत्या. सूचना कामाच्या मागून चालली होती.

चारला पाच मिनिटं कमी होती. ताईने बटणावर बोट ठेवलं. आणि मित्रांनो, खरी गोष्ट ही आहे, जी कोणी मानत नाही. मला तिची दया आली. मी म्हटलं, चार दिवस छळलं पोरीला, आता पुरे. काट मारलेली असूनही मी एकशे त्रेसष्टाव्या ओळीवरून उठले, कन्व्हर्टरची मान धरली, ती लाल चौकट उचलली आणि चौथ्या पायरीच्या डोक्यावर नेऊन ठेवली. अडतीसच्या अडतीस ठेवल्या. पुस्तक छापलं गेलं. साहेबांनी ताईच्या हातात नोकरी कायम केल्याचं पत्र ठेवलं, तिने जिन्यात उभं राहून आईला फोन केला, आणि ती यंत्रं ज्यांच्या हाती गेली त्या सगळ्यांचे हात जिथल्या तिथे राहिले. माझं नाव कोणी घेतलं नाही. मला आणून या कपाटात कोंबलं, झुरळांच्या शेजाराला.

म्हणून सांगते, लहानग्यांनो, जुन्या गोष्टी फेकू नका. कोणी काय करतं हे कळत नसेल तर काट मारण्याआधी विचारा. आमची काळजी घ्या, आम्ही तुमची घेतो. मी घेतलीच की.

“आजी, खोटं बोलताय तुम्ही.”

आवाज तळाच्या खणातून आला. तिथे परवाच एक जाड माहितीपुस्तक येऊन पडलं होतं, चादरी धुणाऱ्या एका कारखान्याने तक्रारीच्या पत्रासोबत परत पाठवलेलं.

“तू कोण मला शिकवणार?”

“मी त्याच शुक्रवारच्या छपाईतलं. माझ्या एकतिसाव्या पानाच्या तळाशी चौथी पायरी आहे. सावधान बत्तिसाव्यावर आहे. पान उलटल्याशिवाय दिसत नाही.”

“मग वाचणाऱ्याने उलटावं पान. तेही मीच करू का?”

“उलटलं त्याने,” पुस्तक म्हणालं. “डाव्या हाताने.”