वाढलेल्या गोळ्या

डॉक्टर सुब्बारावांनी दवाखान्याच्या खिडकीतून पुढे केलेली गोळ्यांची पुडी परत मागे घेतली.

"काय म्हणालात, अक्का?"

"गोळ्या वाढल्या," अंबूबाई म्हणाली.

सुब्बारावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. या गोळ्यांनी क्षयाचे जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत केव्हाच सिद्ध झालं होतं. रोग्याला आरोग्यधामात न धाडता घरीच बरं करता येतं, हेही मद्रासेत पडताळून झालं होतं. आता उरलं होतं या कानडी शहरातल्या शिवाजीनगरातलं एक स्वयंपाकघर, आणि गाडं नेमकं तिथंच अडलं होतं. खोकला थांबला की माणसं गोळ्या फडताळात टाकतात, हा त्यांचा अनुभव होता.

"उरल्या, म्हणजे गुंडो घेत नाहीत. मग त्यांना आरोग्यधामातच धाडावं लागेल."

अंबूबाईचा चेहरा उतरला. तिचा नवरा गुंडो आता कुठे पुन्हा शिवणयंत्रावर बसू लागला होता. पण बाई दबणारी नव्हती.

"घरी चला, अण्णा. डोळ्यांनी बघा."

चोरी पकडायच्या उत्साहात सुब्बाराव निघाले. घरी तिनं डबा काढून त्यांच्यापुढे उपडा केला. त्यातून काहीच पडलं नाही.

"या तर संपल्यात!"

"हळू बोला की!" तिनं यंत्रावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "ह्यांचं औषध. संपलं म्हणून कसं म्हणू? तांदूळ वाढतात, कुंकू वाढतं, तसंच हे."

सुब्बाराव मराठी शिकले ते पुण्याच्या वसतिगृहात. तिथं वाढणं म्हणजे ताटात पडणं, नाहीतर जास्त होणं. घरातल्या बायकांची मराठी त्यांच्या कानावर कधी पडलीच नव्हती. ते मोठ्यानं हसले. गुंडोही हसला, आणि त्याला ढास लागली नाही, हे पाहून डॉक्टरांना फार बरं वाटलं.

"सरी, बरोबर आहे, अक्का. चूक माझी." त्यांनी पुडी तिच्या हातावर ठेवली आणि एकाएकी त्यांचं हसू मावळलं.

"काय झालं?"

"राजाजीनगरच्या ठकुबाई. त्यांचा मुलगा आजारी. त्याही म्हणाल्या होत्या, वाढल्या."

"मग?"

"मी म्हणालो, छान! आधी त्या घ्या, मग परत या." सुब्बाराव थांबले. "त्या परत आल्याच नाहीत."

अंबूबाईनं पुडी गुंडोजवळ ठेवली आणि डॉक्टरांच्या आधी चपला पायात सरकवल्या.

"चला, अण्णा. एकटे गेलात तर दारातच विचाराल, संपल्या का म्हणून."