पुतळाबाईची पलटणीची गाडी

शीवच्या पुतळाबाई कोळणीनं लिलावात पलटणीची जुनी बैलगाडी घेतली. चाकं भक्कम, वर लाकडी झाकण. ती खूश होती. पण दरसालचा नंबराचा बिल्ला घ्यायला ती गाडी घेऊन कचेरीवर गेली, तर गाडीवरची इंग्रजी अक्षरं वाचून कारकून दचकला.

"बाई, ही दारूगोळ्याची गाडी. खाजगी माणसाला हिचा नंबर मिळत नाही."

"कसला दारूगोळा? मी सुके बोंबील भरते."

"पुरावा काय?"

पुतळाबाईचं डोकं तापलं, पण ती भांडली नाही. तिनं बैल हाकून गाडी त्याच्या खिडकीला भिडवली आणि झाकण उघडलं.

कारकुनानं एका हातानं नाकाला उपरणं लावलं, दुसऱ्या हातानं बिल्ला दिला.

"पुढच्या वर्षी तू एकटीच ये," तो म्हणाला. "गाडी मी ओळखतो."