अब्दुलच्या नावाचं पत्र

"मामू, पाकीट अजून फोडलंबी न्हाई तुमी?" परवेझनं विचारलं.

"फोडून काय करू? आत इंग्रजीच असनार." अब्दुल काउंटरवर वाकला. "हळू वाच. अन् घरी कुनाला बोलायचं न्हाई."

शिर्डीच्या त्या हॉटेलात काउंटरवर कामाला असलेला भाचा मोकळा होईपर्यंत अब्दुल तासभर कोपऱ्यात बसून होता. राहुरीत इंग्रजी वाचणारे कमी नव्हते, पण तिथे कुणाला दाखवलं असतं तर दुपारच्या आत गावभर झालं असतं.

तीस वर्षं तो पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देत होता. "आपोआप जळली" असं गिऱ्हाईक म्हणालं, की तो आतल्या तारांच्या वाइंडिंगचा वास घेई आणि मनाशी म्हणे, खोटं बोलतोय. ही सवय दुकानापुरती राहिली नव्हती. अलफिया, त्याची सव्वीस वर्षांची मुलगी, मुलींच्या शाळेत ज्युदो शिकवायची. तिला वर्षभर जपानला जाऊन शिकायचं होतं. इतक्या मुक्कामाचा व्हिसा हवा तर आधी तिथल्या गुरूनं तिकडच्या सरकारकडे अर्ज करावा लागतो, असं तिनं समजावून सांगितलं होतं.

"गुरू म्हंजी कोन? घरात कोन कोन हाय?"

"बाई हायेत अब्बा, सत्तरीच्या. हा बघा फोटो."

"मोबाईलवर कुनीबी बाईचा फोटो लावतं."

मग तीन तारखेला पोस्टमननं जपानचं पाकीट दुकानात आणून दिलं. त्यावर नाव अब्दुलचं होतं. परक्या देशातल्या माणसाला आपलं नाव कशाला हवं, हेच त्याला खटकलं. पाकीट त्यानं गल्ल्याखाली सरकवलं. अलफिया रोज विचारायची, "काही टपाल?" तो मान वर न करता म्हणायचा, "न्हाई."

परवेझ वाचू लागला.

"'तुमची मुलगी मला चांगली वाटली. पण शिकायला म्हणून आलेले दोघं महिन्याभरात माझ्याकडून पळून कारखान्यात कामाला लागले. तेव्हापासून मी पटकन कुणावर भरवसा ठेवत नाही. ती खरंच शिकायला येतेय ना, तिच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना, हे मला वडील म्हणून तुमच्या हातानं लिहून हवं. मोबाईलवर नको. तिथे कुणीही कुणाच्याही नावानं लिहितं.'"

अब्दुलनं मान वर केली. "असं लिवलंय?"

"व्हय. पुढं हाय, 'तिची खोली माझ्या खोलीला लागून आहे. फाटक आठला बंद होतं. वीस तारखेपर्यंत उत्तर आलं तरच मी अर्ज करीन.'" परवेझ थांबला. "मामू, आज चोवीस हाय."

परतीच्या एसटीत अब्दुल पाकीट मांडीवर धरून बसला. ती बाई आपल्याला ओळखत नव्हती, आपण तिला. ती मात्र सरळ विचारून मोकळी झाली होती.

घरी अलफिया वह्या तपासत होती. त्यानं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते वाचलं, पाकिटावरच्या शिक्क्यातली तारीख पाहिली, परत वाचलं.

"रोज विचारत होते मी."

"माझ्या नावाचं हुतं..."

"व्हय. तुमच्याच नावाचं." ती उठून आत गेली. आतून हाजराबीनं, त्याच्या बायकोनं, काय झालं म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्दुलनं दुकान उघडलंच नाही. कोऱ्या कागदावर त्यानं मराठीत लिहिलं: माझी मुलगी खरं बोलते. पत्र मीच दाबून ठेवलं, तिचा दोष नाही. खाली सही केली. अलफियानं त्याचं इंग्रजी करून सोबत जोडलं आणि टपालात टाकून आली.

महिन्यानं उत्तर आलं. जागा दुसऱ्या मुलीला दिली होती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, वडिलांचं पत्र मी जपून ठेवलं आहे, असं बाईंनी लिहिलं होतं.

वर्ष सरत आलं तेव्हा अलफिया नवा अर्ज घेऊन ओसरीत बसली. अब्दुल जवळच चहा पीत होता. लिहिता लिहिता तिचा पेन थांबला.

"अब्बा, ह्या टायमाला पत्ता दुकानाचा न्हाई, शाळेचा देते."

अब्दुलनं कप खाली ठेवला.

"दे," तो म्हणाला, आणि उठून, ती काय लिहिते ते दिसणार नाही इतक्या लांब जाऊन बसला.