दहा ते पाच मी रिकामी नसते

मी लाल प्लास्टिकची खुर्ची बोलतेय. हसू नका. मागचा डावा पाय सुतळीनं बांधलाय, पाठीला चीर आहे. पण अकरा वर्षं अणुभट्टी थोपवून धरली ती मीच. निदान मला तसं वाटत होतं.

ब्याण्णव साली जयवंताबाईंनी मला हैदराबादच्या बेगम बाजारातून आणली. तेव्हा देशात काय काय नवीन येत होतं. केबल, कोला आणि मी! बाईंच्या गावाजवळ अणुभट्टी यायची होती आणि तिचं सर्व्हे ऑफिस नल्लकुंट्यात उघडलं होतं. समोरच्या फुटपाथवर आमचा तंबू. साखळी उपोषण, दहा ते पाच. पोलिसांची अट एकच: खुर्ची रिकामी दिसली की आंदोलन संपलं.

सुरुवातीला चाळीस जण होते. घोषणांनी माझे पाय थरथरायचे. मग पोरं दिलसुखनगरला कम्प्युटर शिकायला गेली, तिथून अमेरिकेला. उरल्या जयवंताबाई. "लेखी रद्द झाल्याबिगर मी उठत नै," म्हणायच्या आणि मला आणखी चेपायच्या.

समोर ऑफिसातही पुण्याचे सुधीरसाहेब एकटेच उरले. भट्टीचा पत्ता नव्हता. आंदोलन चालू म्हणून ऑफिस चालू, आणि ऑफिस चालू म्हणून आंदोलन. सकाळी बाई त्यांच्या टेबलावरच्या माठातून तांब्या भरून आणायच्या. पाच वाजले की साहेब मिर्ची भजी घेऊन हजर.

"सोडा उपास, जयवंताबाई."

"तुमची भट्टी सोडा आधी," म्हणत बाई चार भजी संपवायच्या.

बाईंना कित्येक वर्षं धूसरच दिसायचं; शेवटी मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनच्या दिवशी बसणार कोण? साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच बसले. स्वतःच्याच ऑफिसविरुद्ध! माझा पाय गेला तो तेव्हाच. साहेबांचं वजन काय सांगू? आणि माझंही वय झालंच होतं.

पुढं नवा चष्मा लावून बाई आभार मानायला ऑफिसात गेल्या, त्या टेबलाच्या काचेखालचा कागद घेऊनच बाहेर आल्या.

"हे काय हो साहेब? अणुभट्टी रद्द! सत्त्याण्णव सालचं?"

"अहो, मी लपवलं कुठं? काचेखालीच होतं. रोज तर तुम्ही टेबलाशी यायचात."

"मला दिसत होतं का? सहा साल उपाशी बसवलं मला!"

साहेब चपलेकडं बघत राहिले. "ऑफिस बंद झालं असतं तर पाच वाजता भजी कुणाबरोबर खायची होती मी?"

बाईंनी कागद घडी करून कमरेला खोचला. मला वाटलं, आता मला उचलून घरी नेतील. त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"बसा."

"मी?"

"हौ. दहा ते पाच. सहा साल. आणि हल्लू बसा, तिचा पाय मोडलाय."

ऑफिसला कुलूप लागलं, साहेब रिटायर झाले. पण दहाच्या ठोक्याला येतात. पोलीस विचारतात, कुणाविरुद्ध? "माझ्याविरुद्ध," साहेब म्हणतात. पोलीस लिहून घेतात. पाच वाजता बाई भजी आणतात, दोघं खाली फुटपाथवर बसून खातात. तेवढाच मला श्वास.

तीन वर्षं झाली, तीन उरलीत. उजवा पायही आता करकरतो. मी मागं हटायची नाही. पण तुमच्यात कुणी सडपातळ आंदोलक असेल, तर अधूनमधून पाठवा हो.