वाटेत ठेवलेलं घर

मित्रांनो, मी एक जुनं घर आहे. घर म्हटलं की कुणाच्या तरी अंगणात, कुणाच्या तरी झाडाखाली उभं असणार असं तुम्हाला वाटेल. मला मात्र भर वाटेत उभं राहावं लागलं. माझ्या पोटाखालून म्हशी जात, मोटारसायकली जात, बाजाराला निघालेल्या बायका जात. जाताना प्रत्येकजण वर बघून काहीतरी बोलायचा, आणि ते फारसं चांगलं नसायचं. एवढ्या वयाच्या घराला हे ऐकून घ्यावं लागावं, याचा मला अजून राग येतो.

आम्हा बुगिस लोकांच्या घरांना पाया नसतो, पाय असतात. आमच्या सुलावेसी बेटावरच्या डोंगरातल्या लाकडाचे उंच खांब आणि प्रत्येक खांबाखाली एक चपटा दगड, बस्स. खिळासुद्धा नाही, सगळं खुंट्यांवर. त्यामुळे गावानं मनावर घेतलं तर आम्हाला उचलून दुसरीकडे नेता येतं. जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचं, असंही चालतं. ऐकायला मोठं सोयीचं वाटतं ना? ज्याला उचलतात त्याला विचारा.

मला पासेनं बांधलं, लग्न ठरलं तेव्हा. त्यानं सगळ्यात आधी मधला खांब उभा केला. त्याला आमच्याकडे घराची बेंबी म्हणतात. तिला पांढरं फडकं गुंडाळलं, वर नारळ टांगला. पासे शेतावर निघताना त्या खांबावर तळवा टेकवून जायचा, तिथं लाकूड हाताच्या घामानं काळं आणि गुळगुळीत झालं आहे. माझ्या माळ्यावर भात साठलं. माझ्या बांबूच्या फटीफटीच्या जमिनीवर जुमरिया आणि तिचा धाकटा भाऊ बेद्दू रांगले, भांडले, भात सांडून मार खाल्ला. सांडलेला भात फटींतून खाली पडायचा आणि कोंबड्या माझ्यावर खूश असायच्या. पाहुणे म्हणत, पासेचं घर करकरत नाही. तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचो.

एकदा नदीनं काठ खायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्या गावानं मला उचललं. शुक्रवारची नमाज आटोपून पुरुष आले, माझ्या पायांना आडवे बांबू बांधले, लुंग्या खोचल्या आणि मी हवेत. मित्रांनो, ते सुख मी सांगू शकत नाही. खाली दोन्हीकडून माणसांचे खांदे, पुढे पुआंग साने हात हलवत हुकूम सोडणारे. पुआंग म्हणजे आमच्याकडे मानाचा म्हातारा. ते तेव्हा म्हातारे नव्हते, पण हुकूम आत्तासारखेच सोडायचे. आणि वर पासेच्या चुलीवर मोठ्या हंड्यात माशांचं सूप उकळत होतं, चिकट भात शिजत होता, नारळाच्या दुधात केळी होती. घर उचलायची आमच्याकडे मजुरी नसते, जेवण असतं. ज्याचं घर हलतं त्याची चूल पेटते. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, कारण तो कुणी विसरेल असं वाटलंच नव्हतं.

पासे गेला. बायको त्याच्या आधीच गेली होती. वाटणी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे झाली, लेकीला घर आणि लेकाला जमीन. म्हणजे मी जुमरियाचा, आणि माझ्या पायांखालची माती बेद्दूची. काही वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग बेद्दूच्या डोक्यात कोकोची झाडं शिरली.

तो खाली उभा राहून म्हणाला, "अक्का, तुझं घर माझ्या जमिनीवर उभं आहे."

जुमरिया खिडकीतून म्हणाली, "तुझी जमीन माझ्या घराखाली आलीय. मी काय करू?"

यावर दोघांपैकी एकानं तरी हसायला हवं होतं. हसले नाहीत. जुमरियाचा नवरा समुद्रापलीकडे साबामध्ये ताडाच्या मळ्यात कामाला, त्याची ओढ्याकाठी थोडी जागा होती. मला तिथे न्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, बेद्दू एवढंच म्हणाला की ने, आणि ती एवढंच म्हणाली की नेते.

शुक्रवारी माणसं आली. बांबू बांधले, मला उचललं. दगड अर्थातच मागे राहिले, ते नंतर न्यायचे असतात. अर्ध्या वाटेवर दम खायला मला खाली ठेवलं. पुआंग सान्यांनी नाक वर केलं आणि वास घेतला. मग दुसऱ्या बाजूला तोंड करून घेतला. कुठेही धूर नव्हता.

बेद्दूचं म्हणणं, घर तिचं आहे, जेवण तिनं घालावं. जुमरियाचं म्हणणं, मला काय हौस होती का हलायची, ज्यानं हाकललं त्यानं घालावं. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. दोघांनाही खात्री होती की दुसऱ्याला लाज वाटेल आणि तो गुपचूप चूल पेटवेल. लाज कुणालाच वाटली नाही.

एकजण पडलेल्या आवाजात म्हणाला, "मी तर सूप आहे म्हणून सकाळी चहाबरोबर केळंसुद्धा खाल्लं नाही."

पुआंग सान्यांनी बांबू सोडायला सांगितले. लोक लुंग्या झटकून घरी गेले. आणि मी तिथेच राहिलो, गावच्या वाटेवर, अनवाणी.

जुमरियानं तिथेच शिडी लावली, वर चढली आणि चूल पेटवली. उशिराच, पण पेटवली. तिनं त्यावर एकटीपुरता भात शिजवला.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी चांगलं काही सांगू शकत नाही. म्हशींनी माझ्या खांबांना अंग घासून घासून सालपटं काढली. मोटारसायकलवाले माझ्या पोटात येऊन भोंगा वाजवायचे. बाजारच्या बायका सावलीला टेकायच्या आणि मोठ्यानं विचारायच्या, "काय गं जुमरिया, आज कुठवर पोचलीस?" ती वरून उत्तर द्यायची, "तुझ्या नवऱ्यापेक्षा पुढे. तो अजून अंथरुणातच असेल." हसणं व्हायचं. पण बायका गेल्या की ती खिडकीत एकटीच बसून राहायची, आणि हे फक्त मला दिसायचं.

बेद्दूला शेतावर जायला माझ्याखालूनच वाट. तो नेमका मध्यावर आला की जुमरिया फटींतून भांडी धुतलेलं पाणी सोडायची. काही दिवसांनी तो भर उन्हाळ्यात छत्री घेऊन निघू लागला. माझ्याखाली शिरताना उघडायचा, पलीकडे गेला की मिटायचा. गाव हसायचं. मला हसू येत नव्हतं. अरे, एका बोटाएवढ्या फटीतून तुम्ही एकमेकांशी बोलू शकता, आणि वापर कशाला करता, तर खरकट्या पाण्याला!

त्यात माझे पाय मातीत होते. दगडांशिवाय उभ्या लाकडाचं काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. आधी ओल चढते, मग वाळवी. कोपऱ्यातल्या खांबात ती शिरली. मला तिचं कुरतडणं ऐकू यायचं. जुमरियानं पुन्हा माणसं जमवायचा प्रयत्न केला, पण लोक म्हणाले, आधी चूल कुठे ते दाखव. आणि खांदे तरी कुठे उरले होते? पोरं एकेक करून साबाच्या वाटेला लागत होती. अजून थोडी गेली की मला उचलणं कुणालाच जमणार नव्हतं.

मग मकास्सरहून लाकूडवाला आला. शहरात कुणाला तरी जुन्या घरांचे खांब हवे होते, हॉटेलात लावायला. जुमरियानं त्याला फिरू दिलं. ती चिडलेली नव्हती, ती थकली होती, आणि ते जास्त वाईट होतं. तो माणूस खांबाला टिचकी मारायचा, कान लावायचा आणि खडूनं फुली मारायचा. बेंबीच्या खांबावर, पासेच्या हाताच्या काळ्या डागावर, त्यानं सगळ्यात मोठी फुली मारली. आठवड्यानं सुतार घेऊन येतो म्हणाला.

दुपारी बेद्दू आला. सवयीनं छत्री उघडली. फुली दिसली तसा थांबला. वर जुमरिया पातेलं घेऊन तयार होती, मला तिचं वजन मध्यावर जाणवत होतं. बेद्दूनं छत्री मिटली, लुंगीचं टोक हातात घेतलं आणि फुली पुसली. मग तो आल्या वाटेनं परत गेला.

आला तो खांद्यावर दगड घेऊन. माझाच होता, बेंबीखालचा. मागाहून मला कळलं की त्यानं कोकोची रोपं माझ्या दगडांना वळसा घालून लावली होती, एकही हलवला नव्हता. पहारीनं खांब जरासा उचलून तो दगड सरकवायला लागला.

"अक्का," तो वर न बघता म्हणाला, "पाणी जरा थांबव. दगड बसवतोय."

मग ती म्हणाली, "एकट्यानं उचललास होय? कंबर मोडेल मेल्या."

पातेलं तिनं खिडकीतून बाहेर, पलीकडे ओतलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता सगळं सुरळीत झालं. तुम्ही माझ्या माणसांना ओळखत नाही. त्यांनी याही वेळी एकमेकांना विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी वरच्या अंगाला, जुन्या जागेजवळच्या बेद्दूच्या घरातून धूर आला आणि माझ्याही छपरातून धूर निघाला. दोन हंडे सूप, दोन्हीकडे चिकट भात. गाव दोन्हीकडे जेवलं. कुणालाच नीट वाकता येत नव्हतं, तरी त्यांनी मला उचललं.

पुआंग साने म्हणाले, "कुठे न्यायचं?"

बेद्दू म्हणाला, "खाली, तिच्या जागेवर." त्याच क्षणी जुमरिया म्हणाली, "वर, जुन्या जागेवर."

"खाली पाणी जवळ आहे तुला."

"तिथे दगड आहेत. आणि तू जेवायला एवढ्या लांब येणार आहेस का रोज?"

"माझं मी बघेन."

"बघितलंय तुझं."

एवढ्या महिन्यांचं भांडण, आणि आता दोघं एकमेकांचं ऐकायला तयार नाहीत ते एकमेकांना जागा देण्यावरून. खाली खांदे थरथरत होते. पुआंग साने म्हणाले, "पोट भरलंय, पण खांदे माणसांचे आहेत. बाजूला सरका आणि ठेवा."

वाटेच्या कडेला गावाची पडीक पट्टी होती. तिथे मला ठेवलं. पुआंग सान्यांनी सांगितलं, घर उभं आहे तोवर राहू दे. बेद्दूनं उरलेले दगड आणले, ज्यांनी मला उचललं त्यांनीच ते बसवले. लाकूडवाला आला तेव्हा त्याला उरलेलं सूप मिळालं, बाकी काही नाही.

जागा काही बरी नाही. मी ओढ्याच्या बाजूला कललो आहे. जमिनीवर लिंबू ठेवलं तर ते घरंगळत बेंबीच्या खांबापर्यंत जातं. कोपऱ्यातला खांब वाळवीनं पोकळ केला आहे आणि तो बदलायचं दोघंही रोज उद्यावर टाकतात. माझी चिडचिड संपलेली नाही. पण ही जमीन ना तिची, ना त्याची, त्यामुळे इथे कुणी कुणाच्या जागेत येत नाही. बेद्दू दुपारचं जेवायला वर येतो. जाताना बेंबीच्या खांबाला हात टेकवतो आणि छत्री खुंटीलाच विसरतो.

तर मित्रांनो, या जुन्या घराचं एवढं ऐका. तुमच्या वाट्याला कधी काही उचलून न्यायची वेळ आली, तर उचलण्याआधी एकमेकांना विचारा की चूल कुणाकडे पेटणार आहे आणि ठेवायचं कुठे. अर्ध्या वाटेवर जो अडकतो त्याला तोंड नसतं. आणि त्याच्या पायाखालचे दगड मागे विसरू नका. तेवढं केलंत तर बाकीचं उभं राहणं आमचं आम्ही बघतो.