साहेबांच्या पोटरीतली जागा

सव्वीस वर्षं जमीन मोजणीची तिपाई खांद्यावर वाहून मोजणीदारांची कंबर धरली. कळ कमरेतून निघायची ती थेट डाव्या घोट्यापर्यंत उतरायची. वाकून दुर्बिणीला डोळा लावायचा म्हणजे नाकी नऊ यायचे. शेवटी बायकोने त्यांना सुया टोचणाऱ्या बाईंकडे नेलं.

बाईंनी त्यांना पालथं झोपवलं आणि पोटरी चाचपली. "कमरेचं आणि पायाचं दुखणं इथून सुटतं. गुडघ्यामागच्या घडीपासून खाली आठ अंगठे."

"कुणाचे अंगठे?" मोजणीदारांनी उशीतूनच विचारलं.

"तुमचेच. ज्याचा पाय, त्याचं माप."

"माझा अंगठा उन्हाळ्यात फुगतो."

"अहो, गप पडून राहा ना," बायको म्हणाली.

गुण आला नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. मोजणीदारांना त्याचं नवल वाटलं नाही. अंगठ्याने मोजलेली हद्द त्यांनी जन्मात कधी मान्य केली नव्हती. तिसऱ्या खेपेला त्यांनी बाईंनाच कचेरीत बोलावलं. मधल्या सुट्टीत दोन टेबलं जोडली, त्यावर ते पालथे पडले आणि डाव्या पायाची विजार वर गुंडाळली. साहेब शेजारी खुर्ची घेऊन बसले, कारण त्यांच्या सहीशिवाय कुठलीच मोजणी पक्की होत नसे.

दोघा सहकाऱ्यांनी दुर्बीण लावली, फीत ताणली, टाचेपासून आणि गुडघ्यापासून रेघा काढल्या. कागदावर जागा निघाली. दोघांनी कागद आळीपाळीने उलटसुलट फिरवून पाहिला.

"बोला की," साहेब म्हणाले.

"जागा मिळाली, साहेब. पण यांच्या पायात नाही. दोन फूट उत्तरेला, तुमच्या उजव्या पोटरीत."

"पुन्हा मोजा."

पुन्हा तेच आलं. फीत तपासली, ती बरोबर होती. जमिनीवरून भांडत आलेल्या माणसांना साहेब इतकी वर्षं एकच सांगत आले होते, की मोजणी निघेल ती मान्य करायची. त्यांनी बूट काढला आणि विजार गुंडाळली.

"टोचा."

बाई घुटमळल्या. "दुखणं यांचं, आणि सुई तुम्हाला?"

"दुखणं कुणाचंही असो. जागा माझ्याकडे निघालीय."

सुई गेली. साहेबांनी ओठ आवळले. तिकडे टेबलावर मोजणीदारांच्या कमरेत काहीतरी सैल झालं आणि ऊब सरसरत घोट्यापर्यंत गेली. ते उतरले, खाली पडलेली पेन्सिल वाकून उचलली, परत टाकली आणि पुन्हा उचलली. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग दर गुरुवारी साहेब टोचून घेऊ लागले. मोजणीदारांच्या बायकोला फार संकोच वाटला. ती साहेबांच्या घरी जाऊन आली. "वहिनी, तुमच्या घरचा पाय आमच्या कामी येतोय."

"येऊ दे हो," वहिनी म्हणाल्या. "घरी तो नुसता स्टुलावर असतो."

सहाव्या गुरुवारी साहेबांनी मोजणीदारांना आत बोलावून दार लोटलं. साहेबांची मान दोन वर्षं डावीकडे वळत नव्हती. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मोजता का?" त्यांनी हळूच विचारलं.

मोजणीदारांनी स्वतः तिपाई लावली. रेघ साहेबांच्या खोलीतून निघाली, भिंत ओलांडून नकाशांच्या खोलीत गेली आणि तिथल्या म्हाताऱ्या नकाशेवाल्यांच्या नडगीवर टेकली. ते निवृत्तीला आले होते आणि कुणाचं फुकट काही करत नसत.

"अर्ज द्या," ते म्हणाले.

साहेबांनी उभ्याउभ्याच अर्ज लिहिला. नकाशेवाल्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"कोणता पाय ते लिहिलं नाहीत."

साहेबांनी मान वळवता येईना म्हणून अख्खं अंग वळवून, मागोमाग तिपाई घेऊन आलेल्या मोजणीदारांकडे पाहिलं. मोजणीदार कमरेत झकास वाकले, दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाले, "डावा, साहेब. पण त्यांना जरा मोजा काढायला सांगा."