सुनेच्या हातचा वास

त्या सकाळी आमच्या ड्रायक्लीनच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कपडे द्यायला कुणी आलं नव्हतं, सगळे त्या मांत्रिक बाबाला बघायला आले होते. शेजारचा शिंपी, समोरची औषधवाली, चार जुनी गिऱ्हाइकं, सगळी माझ्या काउंटरला पोटं टेकून उभी.

महिनाभर आमच्याकडे धुतलेल्या कपड्यांना घाण वास मारत होता. कपडा थंड असताना कळायचा नाही. सुनेनं इस्त्री फिरवली की वाफेबरोबर उठायचा, तुंबलेल्या मोरीसारखा. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळे तिच्याच हाताला नावं ठेवत होते. मुलानं अत्तर मारून पाहिलं, तर मोरीत अत्तर सांडल्यासारखं झालं. मग त्यानं बाबा आणला.

बाबानं सुनेकडून एक कोट इस्त्री करवला. सगळ्यांनी नाकं दाबली. मग त्याच्या चेल्यानं एक शर्ट दाबला. वासाचं नाव नाही!

"हातावर छाया आहे," बाबा डोळे मिटून म्हणाला. "ही घरात आहे तोवर कपडा शुद्ध व्हायचा नाही. आजच माहेरी धाडा."

औषधवालीनं हात जोडले. दुकानात दिवसभर गोळ्या विकते ही बाई!

सून रडली नाही. आत जाऊन बॅग भरू लागली. माझा मुलगा खुंटीसारखा उभा.

नवरा गेल्यापासून मला कशातच जीव उरला नव्हता. बोलायचाही कंटाळा. पण माझी शाळा चौथीत सुटली असली, तरी चाळीस वर्षं इस्त्री केली आहे मी. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत नंबराची चिठ्ठी टाचतात. त्या शर्टाला चिठ्ठी नव्हती.

"हा शर्ट कुणाचा रे?"

"बाबांचा," चेला बोलून गेला.

"म्हणजे आमच्या मशीनमध्ये गेलाच नाही. आता हे दाब." सुनेनं दाबलेल्या कोटाच्या जोडीची पँट मी त्याच्यापुढे टाकली. त्यानं बाबाकडे पाहिलं. "तिकडे काय बघतोस? इस्त्री इकडे आहे."

त्यानं दाबली. भपकन वास उठला.

"बाबा, तुमच्या चेल्याला कुठल्या माहेरी धाडू?"

शिंपी खो खो हसला. बाबा म्हणाला, "छाया पसरली!" तशी औषधवाली चार पावलं मागं सरली. बाबा त्याहून जास्त सरला, तो थेट रस्त्यावर.

दुपारी मी बोलावलेला मशीनचा मिस्त्री आला. त्यानं मागची छोटी टाकी उघडली. आत काळाहिरवा चिकट गाळ.

"ड्रायक्लीनला पाणी नसतं, धुलाईचं तेल तेच तेच फिरतं, आजी," तो म्हणाला. "कपड्यांतली ओल त्यात उतरते, ते पाणी इथं वेगळं होतं. ते साचून सडलं, वास तेलात गेला, तेलातून कपड्यात. थंड असताना दबून राहतो, वाफ लागली की बाहेर येतो. ही टाकी कोण धूत होतं?"

माझा नवरा. दर आठवड्याला, स्वतः, कुणाला जवळ न येऊ देता. आणि तो गेल्यावर मीच घरात सगळ्यांना बजावलं होतं, "यांच्या मशीनच्या मागच्या बाजूला कुणी हात लावायचा नाही." छाया कुणाची म्हणायची, तर माझ्या हट्टाची.

टाकी धुतली, फिल्टर बदलला, तेल उकळून गाळून घेतलं. दोन दिवसांनी मी स्वतः एक कोट दाबला. नुसत्या गरम लोकरीचा वास.

बॅग अजून दाराशीच होती. "आई," सून म्हणाली, "तुम्हाला पहिल्याच दिवशी कळत होतं ना, की माझ्या हातात काही नाही?"

"कळत होतं."

"मग?"

मी तिची बॅग उचलून आत ठेवली. थकले होते, हे उत्तर नव्हे.

"टाकी कशी धुतात ते मिस्त्रीकडून मी शिकून घेतलंय," ती म्हणाली. "मशीन आता मी बघणार. इस्त्री हे करतील."

मी मुलाला इस्त्रीपुढे उभा केला.

लोकहो, वास आला तर आधी झाकण उघडून आत बघा. वास कुठून येतो ते बघायला मंत्र लागत नाही, मिस्त्री लागतो. आणि घरातल्या पोरीवर बोट रोखलं जात असेल, तर त्याच क्षणी तोंड उघडा. मी महिनाभर उशीर केला. तुम्ही करू नका.